दुसरा रिमोट

दिवाळीची आवराआवर काढली की माळ्यावरून काय काय खाली येतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. दांडी मोडलेली कढई, मुलांच्या पाळण्याची दोरी, लग्नात आहेर आलेला आणि एकदाही न वापरलेला लेमन सेट. आणि पुष्कळ घरांत, एखाद्या जुन्या रेक्झिनच्या पिशवीत, वायरींचा गुंता झालेला टीव्ही गेम. हो, तोच! टीव्हीला जोडायचा, वरून कॅसेट खोचायची आणि दोन पोरांनी दोन रिमोट धरून पुढ्यात मांडी घालून बसायचं. १९९० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत ज्या घरात शाळकरी मुलं होती, त्या घरात बहुधा हे खूळ येऊन गेलेलं आहे. परीक्षा आली की तो कपाटात कुलूपबंद व्हायचा, निकाल लागला की बाहेर यायचा. मग कॉम्प्युटर आला, मोबाइल आला आणि हा बिचारा माळ्यावर गेला.

यंदा तो खाली आलाच, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी जरा थांबा, एवढंच सांगायला आज लिहायला बसले आहे.

आधी त्याची थोडी कुळकथा. मी आर्ट्सवाली, मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. लेकीने माहिती काढून दिली. आपल्याकडे हा डबा कधी ‘समुराई’, कधी ‘लिटल मास्टर’, कधी ‘टर्मिनेटर’ अशा नावांनी आला. पण सगळ्यांचा मूळपुरुष एकच, जपानच्या निन्टेंडो कंपनीचा फॅमिकॉम. म्हणजे फॅमिली कॉम्प्युटर. मासायुकी उएमुरा नावाच्या इंजिनीअरने तो तयार केला आणि १५ जुलै १९८३ ला तो जपानात विक्रीला आला. गंमत म्हणजे ही कंपनी १८८९ मध्ये क्योटो शहरात हाताने बनवलेले पत्ते विकायला सुरू झाली होती. मला तर आपल्या सावंतवाडीच्या गंजिफाच आठवल्या! तर या यंत्राचे जगभरात ६ कोटी १९ लाखांहून जास्त डबे विकले गेले. शिवाय त्याच्या नकला किती, त्याला गणतीच नाही. रशियात ‘डेंडी’, पोलंडमध्ये ‘पेगासस’, आणि आपल्या जत्रेत, एसटी स्टँडाबाहेरच्या दुकानात जे नाव छापलं असेल ते. ‘९९९९ इन १’ अशी कॅसेट मिळायची, आठवतं? आत खेळ मोजून दहा-बारा, तेच ते फिरवून फिरवून!

या मूळ यंत्रातली एक गोष्ट वाचली आणि मी खरोखर चमकले. त्याला दोन रिमोट होते आणि दोन्ही सारखे नव्हते. पहिल्यावर ‘स्टार्ट’ आणि ‘सिलेक्ट’ ही बटणं. दुसऱ्यावर ती नाहीतच, त्याजागी एक छोटा माइक. म्हणजे दुसऱ्या रिमोटवाल्याने बोलावं हवं तर, पण खेळ सुरू करायचा नाही आणि कुठला खेळ ते निवडायचं नाही. आपल्याकडच्या बऱ्याच नकलांनी माइक गाळला, पण ही बटणं काही दुसऱ्याला दिली नाहीत.

आता सांगा, तुमच्या घरी दुसरा रिमोट कुणाकडे होता? आमच्याकडे माझ्याकडे. पहिला दादाचा. मारिओत दोघं एकदम खेळत नाहीत, पहिल्याचा मारिओ मेला की दुसऱ्याचा नंबर. आणि दादा मरायचाच नाही हो! मी दुसरा रिमोट मांडीवर घेऊन अर्धा अर्धा तास बसायचे, आणि माझा नंबर येतो न येतो तोच आईची हाक, ‘कणीक मळायला ये.’ दादाला कधी कुणी कणकेसाठी उठवलं नाही. तक्रार म्हणून नाही सांगत. त्या काळी सगळ्याच घरांत तसं होतं. पण गेल्या वर्षी हा विषय पुन्हा माझ्यासमोर आला तो एका वेगळ्याच बाईमुळे, आणि तेव्हा हा दुसरा रिमोट मला फार आठवला.

आमच्या तालुक्याच्या गावात मी बचत गटांचं काम बघते. एका गटात एक मावशी आहेत, साठीच्या. नाव मुद्दाम लिहीत नाही. त्यांच्या यजमानांचं बाजारपेठेत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते टीव्ही गेम भाड्यानेही द्यायचे. यजमान गेले त्याला तीन वर्षं झाली. दुकानाचं शटर तेव्हापासून बंद. गाळा भाड्याचा, मालक म्हणतो रिकामा करा. दीर म्हणतात, भंगारात घालून मोकळं होऊ. भंगारवाल्याने आतल्या सगळ्या मालाचे मिळून साडेतीनशे रुपये सांगितले होते.

मावशी माझ्याकडे आल्या त्या वेगळ्याच कारणाने, विधवा पेन्शनचा कागद अडला होता म्हणून. बोलता बोलता दुकानाचा विषय निघाला. मी सहज म्हटलं, ‘‘चला, बघू तर या काय आहे आत.’’ शटर वर केलं तर धुळीने शिंका! खोक्यांमध्ये अकरा टीव्ही गेम निघाले, तीसेक कॅसेट, दोन प्लास्टिकच्या बंदुका. मी म्हटलं, ‘‘मावशी, हे आता दुरुस्त कोण करणार?’’

‘‘मीच की,’’ त्या म्हणाल्या. ‘‘अहो ताई, ह्यांना चाळिशी लागली आणि बारीक सोल्डरिंग दिसंना झालं. तवापासून सगळं मीच करायची. पडद्याच्या आत बसायची. गिऱ्हाईक आलं की हे बाहेर आणि मी आत.’’

सतरा-अठरा वर्षं! गावातले कित्येक रेडिओ, टेप, टीव्हीचे रिमोट या बाईच्या हाताखालून गेले आणि एकाही गिऱ्हाइकाला ते माहीत नाही. माझ्या माहेरचा टेपही तिथेच जायचा.

मग आम्ही दर शनिवारी दुपारी दुकानात बसायला लागलो. मी शिकायला, त्या करायला. माझ्या मागोमाग गटातल्या आणखी चौघी आल्या. पहिला धडा कॅसेटचा. कॅसेट चालली नाही की आपण सगळ्यांनी काय केलंय? फू! तोंडाने जोरात फुंकर मारून पुन्हा खोचायची, आणि ती चालायचीसुद्धा. मावशी म्हणाल्या, ती फुंकरीने चालत नसते, काढून घालण्यात पट्ट्यांवरचा गंज घासला जातो म्हणून चालते. फुंकरीतली ओल उलट पट्ट्या खाते. कॅसेटच्या पोटात ओळीने पितळी रंगाच्या बारीक पट्ट्या असतात, मूळ फॅमिकॉमच्या कॅसेटला ६०. त्या कापसाच्या काडीने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसायच्या. ते इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात मिळतं. फारच काळ्या पडल्या असतील तर पेन्सिलीचं मऊ पांढरं रबर एकदाच फिरवायचं आणि रबराचा भुगा ब्रशने झटकून टाकायचा. घासणीसारखं घासाल तर पट्टीच जाईल. अकरापैकी चार डबे तर नुसत्या या पुसण्याने चालू झाले! पहिल्यांदा पडद्यावर तो निळा रंग आला आणि मारिओची ती टुंगटुंग ऐकू आली तेव्हा आम्ही सहाही जणींनी टाळ्या वाजवल्या. शेजारचा किराणावाला डोकावून गेला.

दुसरा दोष रिमोटचा. बटण दाबलं तरी मारिओ उडी मारत नाही. उघडून बघितलं तर आत अगदी टीव्हीच्या रिमोटसारखाच रबरी पापुद्रा, खाली काळ्या टिकल्या. टिकली धुळीने माखली किंवा झिजली की बटण मुकं होतं. धूळ असेल तर पुसून भागतं, झिजली असेल तर दुसऱ्या मोडक्या रिमोटची रबरं काढून बसवायची. वायर तुटते ती बहुतेक वेळा रिमोटच्या तोंडाशीच, कारण पोरं रिमोटला वायर गुंडाळून ठेवतात. तेवढा तुकडा कापून टाकून वायर पुन्हा आत सोल्डर करायची.

सोल्डरिंगची मला भीती वाटत होती. पण मावशींनी ते असं सांगितलं की भीती पळाली. म्हणाल्या, ‘‘कल्हई बघितलीय ना? तसंच.’’ आणि खरंच तसंच आहे! कल्हईवाला भांडं तापवतो, नवसागर फिरवतो म्हणजे मळ सुटतो, मग कथील लावतो. इथे नवसागराच्या जागी राळ, आणि कथलात शिसं मिसळलेली तार. भांडं आधी तापलं पाहिजे, मगच कथील धरतं. इथेही जोड आधी तापवायचा आणि तार जोडाला लावायची, इस्त्रीच्या टोकाला नाही. जमलेला टाका चकचकीत दिसतो, फसलेला मंद आणि दाणेदार. आमच्यातली एक जण आरी वर्क करते. तिचा पहिलाच टाका असा सुबक आला की मावशी म्हणाल्या, ‘‘हिच्या हातात कला हाय.’’ खिडकी मात्र उघडी ठेवायची, धूर नाकात घ्यायचा नाही, आणि शिसं असल्यामुळे नंतर हात साबणाने धुतल्याशिवाय चहाचा कप उचलायचा नाही. लहान मुलांना तर जवळ फिरकूच द्यायचं नाही.

त्याहून मोठी तंबी अ‍ॅडॉप्टरची. घरात सापडेल तो चार्जर लावून बघायचा मोह होतो. पण एकाचं टोक आतून अधिक, बाहेरून उणे, दुसऱ्याचं उलट. चुकीचा लावला तर डबा जळू शकतो. डब्याखाली छापलेलं असतं ते वाचून, नऊ व्होल्ट की किती ते बघून मगच लावा. आत ७८०५ नावाचा तीन पायांचा एक छोटा पार्ट असतो, तो बाहेरून आलेल्या नऊ व्होल्टचे पाच करून पुढे देतो. चालू असताना तापतो, आणि तापून तापून कधीतरी जातो. चहाच्या किमतीत नवा मिळतो. पडद्यावर आडव्या लाटा येत असतील तर बऱ्याचदा आतले कपॅसिटर सुकलेले असतात, तेही स्वस्तातच मिळतात. असे तीन डबे मावशींनी उठवले. पण काही नकलांमध्ये सगळा मेंदू एका काळ्या डांबरासारख्या गोळ्याखाली गाडलेला असतो. तो गोळा गेला की काही इलाज नाही. असे दोन निघाले, त्यांचे पार्ट काढून घेतले. अवयवदान म्हणायचं! आणि जाता जाता, जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही मात्र कुणी घरी उघडू नका. बंद केल्यावरही त्याच्या पोटात जोराचा करंट साठून असतो. तो मावशींसारख्यांनाच उघडू द्या.

तो टीव्ही टाकूनही देऊ नका बरं का. बंदुकीने बदकं मारायचा खेळ आठवतो ना? त्या बंदुकीतून काही सुटत नाही. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड बघतो. नेम बरोबर असेल तर उजेड दिसतो, म्हणजे बदक पडलं. हे सगळं जुन्या ट्यूबच्या उजेडाच्या वेगावर बेतलेलं आहे, म्हणून नव्या चपट्या टीव्हीवर ती बंदूक चालत नाही. बाकीचे खेळ मात्र ज्या नव्या टीव्हीला एव्हीची जागा आहे त्यावर चालतात.

पिवळ्या पडलेल्या डब्यांची गोष्ट तर आपल्या प्रांतातलीच निघाली. आग लवकर लागू नये म्हणून त्या प्लास्टिकमध्ये ब्रोमीनचं रसायन घालत, ते उन्हाने आणि वर्षांनी पिवळं पडतं. त्याला परदेशातले हौशी लोक काय लावतात माहीत आहे? हायड्रोजन पेरॉक्साइड! म्हणजे पार्लरमध्ये केस रंगवताना मिसळतात ते क्रीम डेव्हलपर. आमच्या गटातली पार्लरवाली हे ऐकून हसून हसून लोटपोट. तिनेच हातमोजे घालून एका डब्याचं नुसतं वरचं झाकण, आतलं सगळं काढून, डेव्हलपर चोपडून, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून उन्हात ठेवलं. मधूनमधून फिरवत राहायचं, नाहीतर चट्टे पडतात. संध्याकाळी झाकण जवळजवळ पांढरं! पण हा रंग कायमचा नसतो, पिवळेपणा पुन्हा येऊ शकतो. केसांसारखंच.

हे सगळं कशासाठी, असं माझ्या सासूबाईंनी विचारलं. ‘‘खेळायला,’’ मी म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण चेहऱ्यावर दिसत होतं. आपल्याकडे बाईने भिशी खेळावी, मंगळागौर खेळावी, हळदीकुंकवाला संगीत खुर्ची खेळावी. ते सगळं कशाच्या तरी निमित्ताने. नुसतं खेळायचं म्हणून खेळायला बसलेली बाई घरात कुणाला बघवत नाही. दुपारी दोन ते चार मालिका बघितली तर चालते, कारण हातात निवडायला मेथी असते! रिमोट धरायला दोन्ही हात लागतात ना.

पण आता आमच्या गटाच्या खोलीत महिन्यातून एकदा रविवारी दुपारी एक डबा लावतो. सगळ्यांचा लाडका खेळ म्हणजे ‘बॅटल सिटी’, पोरं ज्याला ‘टँक’ म्हणायची तो १९८५ चा. त्यात दोघी एकाच वेळी खेळतात, दोघींनी मिळून आपला गरुड सांभाळायचा. कुणी मरायची वाट बघत बसायला नको. शिवाय विटांचा नकाशाही आपला आपण रचता येतो. एका वहिनींनी चक्क आपल्या वाड्याचा नकाशा रचला, न्हाणीघरासकट. मारिओचे बत्तीस टप्पे आहेत. तेरा-चौदा वर्षांच्या आमच्या मुलांना चौथ्यातच घाम फुटतो आणि मग ती म्हणतात, ‘काकू, हे फार अवघड आहे.’ हा अख्खा मारिओ ४० किलोबाइटचा आहे. रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा गुलाबाचा एक फोटो बहुधा त्याहून जड असतो. जागा वाचवायला त्यात ढग आणि झुडूप एकाच आकाराचे केलेत, फक्त रंग वेगळे. आपण उरलेल्या कापडाची पिशवी शिवतो, त्यातलीच ही हिकमत!

आणि हे खेळ बनवणाऱ्यांतही बायका होत्या, हे मला कुठे माहीत होतं? अमेरिकेतल्या कॅरल शॉ यांनी १९८२ मध्ये अटारीच्या यंत्रासाठी ‘रिव्हर रेड’ हा नदीवरून विमान नेण्याचा खेळ लिहिला. जपानच्या रिएको कोदामा यांनी सेगा कंपनीत ‘फँटसी स्टार’चं काम केलं. १९८७ सालच्या त्या खेळाची नायिका मुलगी आहे. २०२२ मध्ये त्या गेल्या. आणि निन्टेंडोच्या १९८६ च्या ‘मेट्रॉइड’मध्ये चिलखतातला योद्धा खेळ भराभर पुरा केला की शेवटी चिलखत उतरवतो, आणि ती बाई निघते. लेकीने हे सांगितलं तेव्हा मावशी सोल्डरिंग करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘‘पडद्याआड असंल ती बी.’’

मूळ कंपनीने फॅमिकॉम बनवणं २००३ मध्ये थांबवलं आणि दुरुस्ती २००७ मध्ये, कारण पार्ट मिळेनात. म्हणजे आता जे काही चालू राहील ते असल्या हातांवरच. पुण्या-मुंबईत हौशी मंडळी जुन्या बाजारातून असे डबे शोधत फिरतात. मावशींनी सातपैकी दोन विकले, तीन भाड्याने देतात, दोन गटाकडे आहेत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, त्या स्वतः दुरुस्ती करतात हे कळल्यावर बायका मिक्सर, इस्त्री, टीव्हीचे रिमोट घेऊन येऊ लागल्या. घरी एकटी असताना मेकॅनिकला बोलवायला नको वाटतं, मावशींना वाटत नाही. गटातून दहा हजारांचं कर्ज काढून त्यांनी नवी सोल्डरिंग इस्त्री, मीटर आणि भिंगाचा दिवा आणला. गाळ्याचं भाडं गेले आठ महिने त्याच भरतात. मधला पडदा त्यांनी पहिल्याच आठवड्यात काढून टाकला आणि त्याची पायपुसणी शिवली.

अजून दोन डबे रबरांसाठी अडून बसलेत, ती पुण्याहून यायची आहेत. आणि दुकानाला नवी पाटी करायची आहे. जुन्या पाटीवर यजमानांचं नाव आहे. मुलगा म्हणतो, बाबांचंच राहू द्या. दीर म्हणतात, बाईचं नाव बाजारपेठेत कशाला? मावशी काहीच म्हणत नाहीत. पेंटर दोनदा येऊन माप घेऊन गेलाय.